अमेरिकेतील उमेदवारनिवडीत पदसिद्ध प्रतिनिधींचा हिशेब कसा मांडावा : वाचनालये आणि अभ्यासमंडळांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीचे मतदान नोव्हेंबरात होते, परंतु त्या मतदानात कोणत्या पक्षाचा कोण उभा राहणार, हे त्याआधीच्या सहा-सात महिन्यांत ठरते आणि आपल्याकडील वाचकाचा गोंधळ होतो तो नेमका याच टप्प्यावर. फेब्रुवारी ते जून या काळात वृत्तपत्रांत रोज आकडे येतात : अमक्याकडे इतके डेलिगेट, तमक्याकडे तितके. त्या आकड्यांत मतदारांनी दिलेले प्रतिनिधी किती आणि केवळ पदामुळे सभागृहात बसलेले किती, हे बहुधा सांगितलेले नसते. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, सावंतवाडी अशा गावांतील वाचनालयांत आणि महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळांत या विषयावर चर्चा होतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले असतात, मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत स्थायिक झालेले आईवडीलही असतात. अशा मंडळींनी हा विषय नीट समजून कसा घ्यावा आणि इतरांना कसा समजावून द्यावा, यासाठी हा मजकूर आहे.

आरंभीच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. अमेरिकी निवडणुकीत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ‘प्रतिनिधी’ येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचे काहीच जुळत नाही. नोव्हेंबरातील निवडणुकीत प्रत्येक राज्यातून निवडले जाणारे 538 निर्वाचक वेगळे. ते देशाचा अध्यक्ष निवडतात आणि त्यांतील 270 ज्याच्याकडे, तो विजयी. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात बसणारे प्रतिनिधी वेगळे. ते फक्त आपल्या पक्षाचा उमेदवार ठरवतात आणि त्यांची संख्या हजारोंत असते. निर्वाचकांची तरतूद राज्यघटनेत आहे, तर अधिवेशनातील प्रतिनिधींचे नियम बव्हंशी पक्ष स्वतः करतो आणि दर चार वर्षांनी बदलूही शकतो. म्हणून ज्या वर्षाची चर्चा चालली आहे, त्या वर्षाचे नियम कोणते, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो. 2016 चे ज्ञान 2020 ला लागू पडत नाही.

पदसिद्ध प्रतिनिधी म्हणजे कोण

डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात दोन प्रकारचे प्रतिनिधी असतात. पहिले बांधील प्रतिनिधी. राज्याराज्यांतील प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचे मतदान) आणि कॉकस (त्याच कामासाठीच्या कार्यकर्त्यांच्या सभा) यांत मतदारांनी जो कौल दिला, त्या प्रमाणात ते उमेदवारांना मिळतात. दुसरे पदसिद्ध प्रतिनिधी, ज्यांना वृत्तपत्रे ‘सुपरडेलिगेट’ म्हणतात. पक्षाचे काँग्रेसमधील (अमेरिकी संसदेतील) सदस्य, पक्षाचे गव्हर्नर (राज्यांचे निवडून आलेले प्रमुख), पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य आणि माजी राष्ट्राध्यक्ष, माजी उपाध्यक्ष यांसारखे ज्येष्ठ नेते यांना त्या त्या पदामुळेच अधिवेशनात जागा मिळते. त्या वर्षीच्या प्रायमरीत मतदारांनी कोणालाही निवडले, तरी या मंडळींवर त्या निकालाचे बंधन नसते. आज एकाला दिलेला पाठिंबा ते उद्या काढून दुसऱ्याला देऊ शकतात.

‘निवडून न आलेले’ हे विशेषण त्यांना सरसकट लावले जाते, पण मला ते अपुरे वाटते. सिनेटर किंवा गव्हर्नर निवडणूक जिंकूनच आलेला असतो. फरक इतकाच, की त्याच्या मतदारांनी त्याला अध्यक्षीय उमेदवार ठरवण्यासाठी निवडलेले नसते. राष्ट्रीय समितीचे सदस्य मात्र निराळे. त्यांतील पुष्कळ जण राज्यांतील पक्षसंघटना निवडतात आणि 75 पर्यंत जागा समितीच्या अध्यक्षांच्या शिफारशीने भरल्या जातात. 2016 मध्ये पदसिद्ध प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक या राष्ट्रीय समितीचेच होते. म्हणजे ज्यांचा सामान्य मतदाराशी थेट संबंध सर्वांत कमी, त्यांचीच संख्या सर्वांत मोठी होती. टीकेचा खरा रोख तेथे आहे, आणि चर्चेत हा भेद आवर्जून करावा.

आपल्याकडे हा भाग समजावून सांगताना नगरपरिषदेतील स्वीकृत नगरसेवकाचे उदाहरण सर्वांत जवळचे पडते. मालवण असो वा खेड, स्वीकृत नगरसेवक कोण झाला याची गावभर चर्चा होते. तो सभागृहात बसतो, बोलतो, सल्ला देतो, परंतु 74 व्या घटनादुरुस्तीने केलेल्या तरतुदीनुसार त्याला सभेत मतदानाचा अधिकार नसतो. अमेरिकेतील पदसिद्ध प्रतिनिधीला 1984 पासून 2016 पर्यंत पहिल्या फेरीपासून पूर्ण मत होते. अनुभवी माणसाला सभागृहात जागा देणे आणि त्याच्या हाती निर्णायक मत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानी आले की पुढचा सगळा वाद त्याला आपोआप समजू लागतो.

ही सोय कशासाठी झाली

इतिहास वगळून नियम सांगितले तर ते मनमानी वाटतात, म्हणून 1968 पासून सुरुवात करावी. त्या वर्षी 31 मार्चला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले. युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी हे व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे नेते प्रायमरी लढवत होते. जूनमध्ये केनेडी यांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवलेली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलीस आणि निदर्शक यांची धुमश्चक्री चालू होती आणि आत राज्यांतील पक्षनेत्यांनी आपापल्या प्रतिनिधींच्या बळावर निर्णय करून टाकला. नोव्हेंबरात हम्फ्री रिपब्लिकन पक्षाच्या रिचर्ड निक्सन यांच्याकडून हरले.

त्यानंतर पक्षाने जॉर्ज मॅकगव्हर्न आणि डोनाल्ड फ्रेझर यांच्या नावाने ओळखला जाणारा आयोग नेमला आणि प्रतिनिधी निवडण्याचे काम नेत्यांच्या बैठकीतून काढून मतदारांकडे आणि उघड सभांकडे दिले. 1972 मध्ये स्वतः मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि 50 पैकी 49 राज्यांत हरले. त्यांच्याकडे फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन राहिली. 1976 मध्ये जिमी कार्टर जिंकले, पण 1980 मध्ये एडवर्ड केनेडी यांनी पक्षातच त्यांना आव्हान दिले आणि नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन यांनी त्यांचा मोठा पराभव केला. नव्या पद्धतीत काँग्रेसचे सदस्य आणि गव्हर्नर अधिवेशनातून जवळजवळ बाहेर पडले आहेत, ज्यांना उद्या याच उमेदवाराबरोबर राज्य करायचे आहे त्यांचाच निवडीत शब्द उरलेला नाही, अशी तक्रार पक्षात वाढू लागली.

त्या तक्रारीतून नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर जिम हंट यांच्या अध्यक्षतेखालील आयोग आला. एकूण प्रतिनिधींच्या 30 टक्के जागा अशा अबांधील नेत्यांना द्याव्यात, अशी मूळ मागणी होती. ओढाताण होऊन 1984 साठी ते प्रमाण सुमारे 14 टक्क्यांवर आले आणि पुढे ते वाढत 2008 पर्यंत 20 टक्क्यांच्या आसपास गेले. पहिल्याच वर्षी त्यांचे महत्त्व दिसले. वॉल्टर माँडेल यांच्याकडे बांधील प्रतिनिधी सर्वांत जास्त होते, पण निर्विवाद बहुमत नव्हते. गॅरी हार्ट मागे असले तरी शर्यतीत होते आणि जेसी जॅक्सनही होते. पदसिद्ध प्रतिनिधी मोठ्या संख्येने माँडेल यांच्यामागे उभे राहिले आणि प्रश्न मिटला. नोव्हेंबरात माँडेल यांना केवळ मिनेसोटा आणि राजधानी वॉशिंग्टन राखता आले. अनुभवी नेत्यांना हाती घेतले म्हणजे निवडून येणारा उमेदवार मिळतोच, या गृहीतकाला पहिल्याच प्रयोगात तडा गेला. माझ्या मते या संपूर्ण इतिहासात याहून बोलका प्रसंग नाही, म्हणून चर्चेत 1984 ला पुरेसा वेळ द्यावा.

फळ्यावर दोन रकाने

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. बातमीतला आकडा कोणताही असो, तो वहीत किंवा फळ्यावर उतरवताना दोन रकाने आखावेत : एक बांधील प्रतिनिधींचा, दुसरा पदसिद्ध प्रतिनिधींचा. या दोन रकान्यांची बेरीज कधीही एकत्र लिहू नये. पहिल्या रकान्यातला आकडा प्रत्येक मतदानानंतर वाढतो आणि सहसा कमी होत नाही. दुसऱ्यातला आकडा म्हणजे पत्रकारांनी दूरध्वनी करून विचारलेल्या पसंतीची नोंद आहे, आणि ती कधीही बदलू शकते. दुसरा रकाना म्हणून पेन्सिलीने भरावा, हे मी गटातील मुलांना नेहमी सांगतो.

हा नियम का पाळावा, हे एका राज्याच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. फेब्रुवारी 2016 मध्ये न्यू हॅम्पशायरची प्रायमरी बर्नी सँडर्स यांनी हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त मते मिळवून जिंकली. त्या राज्याचे बांधील प्रतिनिधी 24 होते, त्यांपैकी सँडर्स यांना 15 आणि क्लिंटन यांना 9 मिळाले. राज्यातील पदसिद्ध प्रतिनिधींपैकी 6 जणांनी क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केलेला होता. दोन्ही रकाने एकत्र केले की तक्ता 15 विरुद्ध 15 असा दिसू लागला. मतदारांनी इतका स्पष्ट कौल दिल्यानंतर सकाळी दूरचित्रवाणीवर ‘बरोबरी’ पाहणाऱ्या माणसाला आपली फसवणूक झाली असे वाटले तर त्याला दोष देता येत नाही. फळ्यावर हेच आकडे आधी एकत्र लिहावेत, गटाला विचारावे की निवडणूक कोणी जिंकली, आणि मग रकाने वेगळे करून दाखवावेत. या एका उदाहरणाने जे समजते, ते तासभराच्या भाषणाने समजत नाही.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण 6 जूनचे. दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत मतदान व्हायचे होते. आदल्या संध्याकाळी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्लिंटन यांनी उमेदवारी निश्चित केल्याचे जाहीर केले. तेव्हा आवश्यक बहुमत 2,383 होते आणि तो आकडा 1,812 बांधील अधिक 571 पदसिद्ध असा पूर्ण झाला होता. त्या 571 जणांनी तोवर मत दिलेले नव्हते, त्यांनी केवळ पत्रकारांना आपली पसंती सांगितली होती. ज्यांचे मतदान दुसऱ्या दिवशी होते त्यांना मात्र निकाल आदल्या रात्रीच कळवला गेला. येथे न्याय्य राहून हेही सांगितले पाहिजे की अखेरीस क्लिंटन यांच्याकडे 2,205 आणि सँडर्स यांच्याकडे 1,846 बांधील प्रतिनिधी होते, म्हणजे पदसिद्धांना पूर्ण वगळले तरी त्याच पुढे होत्या. पदसिद्धांमुळे निकाल फिरला, असे 2016 बद्दल म्हणणे चूक आहे. त्यांच्यामुळे शर्यतीचे चित्र आरंभापासून झुकलेले दिसले, असे म्हणणे योग्य आहे, आणि तीही लहान गोष्ट नव्हे, कारण देणगीदार, कार्यकर्ते आणि कुंपणावरचे मतदार हे चित्र पाहूनच पाऊल उचलतात.

दुसरा रकाना किती चंचल असतो, हे पाहण्यासाठी 2004 आणि 2008 पाहावे. 2004 च्या आरंभी हॉवर्ड डीन पदसिद्धांच्या पाठिंब्यात पुढे होते, आयोवा राज्याच्या कॉकसमध्ये ते मागे पडले आणि ती आघाडी विरून गेली. 2008 मध्ये आरंभी क्लिंटन यांच्यामागे पदसिद्धांची मोठी फळी होती. बराक ओबामा राज्यामागून राज्य जिंकू लागले तसे लोक बाजू बदलू लागले. नागरी हक्क चळवळीतील ज्येष्ठ नेते आणि काँग्रेसचे सदस्य जॉन लुईस यांनी फेब्रुवारीत क्लिंटन यांचा पाठिंबा सोडून ओबामांची बाजू घेतली, तेव्हा त्याचा परिणाम एका मतापुरता राहिला नाही. 3 जूनला ओबामांनी बहुमत गाठले ते पदसिद्धांच्या साथीनेच. 1984 पासून आजवर बांधील प्रतिनिधींत पुढे असलेल्या माणसाला पदसिद्धांनी मागे सारून दुसऱ्याला उमेदवार केले, असे एकदाही घडलेले नाही.

2018 चा बदल

25 ऑगस्ट 2018 रोजी शिकागोत डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीने नियम बदलला, आणि आजची कोणतीही चर्चा या बदलापासून सुरू व्हावी. अधिवेशनातील मतदान फेऱ्यांनी होते. नव्या नियमानुसार उमेदवारीचा निकाल खुला असेल तर पदसिद्ध प्रतिनिधींना पहिल्या फेरीत मत देता येत नाही. पहिल्या फेरीत कोणालाही बांधील प्रतिनिधींचे बहुमत मिळाले नाही, तर दुसऱ्या फेरीपासून ते मतदानात येतात. एखाद्या उमेदवाराने बांधील प्रतिनिधींच्याच बळावर संपूर्ण सभागृहाचे, म्हणजे बांधील आणि पदसिद्ध मिळून होणाऱ्या संख्येचे, बहुमत गाठले असेल, तर पदसिद्धांना पहिल्या फेरीतही मत देता येते, कारण त्या मतांनी निकाल बदलण्याचा संभवच उरत नाही. 2020 मध्ये बांधील प्रतिनिधी 3,979 होते आणि पहिल्या फेरीत जिंकण्यासाठी 1,991 लागत होते. पदसिद्धांची संख्या साडेसातशेहून अधिक होती.

या बदलाला झालेला विरोध गटापुढे अवश्य मांडावा, कारण तो उथळ नव्हता. 2016 मध्येच काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने पदसिद्ध व्यवस्था काढून टाकण्यास विरोध केला होता. त्यांचे म्हणणे असे, की ही जागा गेली तर अधिवेशनात बसण्यासाठी लोकप्रतिनिधीला आपल्याच मतदारसंघातील सामान्य कार्यकर्त्याविरुद्ध उभे राहावे लागेल, आणि ज्या समाजाला पक्षात स्थान मिळवण्यासाठी पिढ्या खर्चाव्या लागल्या, त्याच्या नेत्यांचा आवाज क्षीण होईल. 2018 च्या तोडग्यात त्यांची खुर्ची राहिली, पहिल्या फेरीचे मत गेले. मला हा तोडगा योग्य वाटतो. मतदारांनी निर्णय दिला असेल तर त्यावर कोणाचा शिक्का लागू नये आणि मतदारांनाच निर्णय देता आला नसेल तर अनुभवी माणसांची मध्यस्थी घ्यावी, हा क्रम लोकशाहीला धरून आहे.

नियमांबद्दलची भूमिका सोयीनुसार कशी बदलते, याकडेही लक्ष वेधावे. 2016 च्या वसंतात मागे पडलेल्या सँडर्स यांच्या बाजूने पदसिद्धांनी आपल्याकडे वळावे असा आग्रह धरला जात होता. फेब्रुवारी 2020 मध्ये नेवाडातील वादसभेत ‘बहुमत नसले तरी सर्वांत पुढे असलेल्यालाच उमेदवारी मिळावी का’ असे विचारले गेले, तेव्हा मंचावरील उमेदवारांपैकी एकट्या सँडर्स यांनी होकार दिला. बाकीच्यांनी प्रक्रियेला तिचे काम करू द्यावे असे सांगितले, ज्याचा अर्थ दुसरी फेरी आणि पदसिद्ध असाच होता. दोन्ही वेळी प्रत्येकाचे मत त्याच्या परिस्थितीला अनुकूल होते, हे मुलांना स्वतः शोधून काढू द्यावे.

वाचनालयात करून पाहण्याचा प्रयोग

वाचून समजलेले करून पाहिले म्हणजे पक्के होते. या प्रयोगासाठी एक सभागृह, एक फळा, चिठ्ठ्या, एक डबा आणि चाळीस-पन्नास माणसे पुरतात. रत्नागिरी जिल्ह्याचे नऊ तालुके ही नऊ राज्ये समजावीत आणि त्यांना मिळून 50 बांधील प्रतिनिधी द्यावेत : रत्नागिरी 9, चिपळूण 8, खेड, दापोली आणि संगमेश्वर प्रत्येकी 6, राजापूर 5, गुहागर आणि लांजा प्रत्येकी 4, मंडणगड 2. पदसिद्ध प्रतिनिधी 10 ठेवावेत आणि ते खरोखरच पदावरून घ्यावेत : वाचनालयाचे अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल, माजी पदाधिकारी, एखादे निवृत्त मुख्याध्यापक. सिंधुदुर्गातील मंडळांनी आपल्या आठ तालुक्यांवर अशीच वाटणी करावी.

तीन जणांना उमेदवार म्हणून उभे करावे आणि प्रत्येकाला इथला एक खरा विषय द्यावा. एकाने मुंबई-गोवा महामार्गावर बोलावे, दुसऱ्याने मासेमारी बंदरांतील सोयींवर, तिसऱ्याने काजू आणि आंब्यावरच्या प्रक्रिया उद्योगावर. विषय जिव्हाळ्याचे असले की मते खरी पडतात. मतदानाला सुरुवात होण्यापूर्वीच दहा पदसिद्धांना आपली पसंती जाहीर करायला सांगावी आणि ती फळ्याच्या उजव्या कडेला लिहून ठेवावी. मग मंडणगडपासून आरंभ करून एकेका तालुक्याचे मतदान घ्यावे. प्रत्येक मतदानात सर्व उपस्थितांनी चिठ्ठी टाकावी आणि त्याआधी उमेदवारांना मिनिटभर बोलू द्यावे, म्हणजे लोकांची मते टप्प्याटप्प्याने कशी सरकतात हे दिसते. दहा पदसिद्धांनी तालुक्यांच्या मतदानात इतरांसारखीच चिठ्ठी टाकावी, कारण अमेरिकेतही सिनेटर आपल्या राज्याच्या प्रायमरीत सामान्य मतदार म्हणून मत देतोच.

प्रतिनिधींची वाटणी मतांच्या प्रमाणात करावी आणि 15 टक्क्यांची मर्यादा पाळावी, कारण डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम तोच आहे. समजा, दापोलीच्या मतदानात 50 चिठ्ठ्यांपैकी पहिल्याला 24, दुसऱ्याला 20 आणि तिसऱ्याला 6 मिळाल्या. सहा मते म्हणजे 12 टक्के, म्हणून तिसरा वाटणीतून बाद. उरलेल्या 44 मतांत सहा प्रतिनिधी वाटले की पहिल्याचा वाटा 3.27 आणि दुसऱ्याचा 2.73 येतो, म्हणजे दोघांनाही तीन-तीन. चार मतांनी पुढे असलेल्याला एकही प्रतिनिधी जास्त मिळाला नाही. या ठिकाणी सभागृहात हमखास कुजबुज सुरू होते आणि ती थांबवू नये. ‘अमक्याने राज्य जिंकले’ या मथळ्याचा प्रतिनिधींच्या हिशेबात किती अल्प अर्थ असू शकतो, हे त्या कुजबुजीतूनच लोकांना उमगते.

नऊही तालुके झाल्यावर निकाल दोनदा काढावा. प्रथम जुन्या नियमाने : 60 जणांचे एकत्र मतदान, बहुमत 31. मग नव्या नियमाने : पहिल्या फेरीत फक्त 50, बहुमत 26, आणि ते न जमल्यास दुसऱ्या फेरीत सर्व 60, बहुमत 31. समजा, बांधील प्रतिनिधी 27, 18 आणि 5 असे विभागले गेले आणि दहा पदसिद्धांपैकी नऊ जण दुसऱ्याच्या बाजूने होते. जुन्या नियमाने बेरीज 28, 27 आणि 5 होते. कोणालाच 31 नाहीत, तिढा पडतो आणि वाटाघाटी सुरू होतात. नव्या नियमाने पहिला उमेदवार 27 प्रतिनिधींसह पहिल्याच फेरीत जिंकतो. मतदार तेच, मते तीच, पदसिद्धही तेच असताना केवळ क्रम बदलल्याने निकाल बदलला.

आता विभागणी 24, 21 आणि 5 अशी धरावी. नव्या नियमानेही पहिल्या फेरीत कोणी जिंकत नाही. दुसऱ्या फेरीसाठी मध्ये पंधरा-वीस मिनिटे मोकळी सोडावीत, बांधील प्रतिनिधींची भूमिका करणाऱ्यांनाही बंधनातून मोकळे करावे आणि कोण कोणाशी बोलतो याची नोंद एका सहभागी नसलेल्या व्यक्तीकडे द्यावी. तिसऱ्याचे पाच प्रतिनिधी आणि दहा पदसिद्ध यांच्याभोवती गर्दी जमते. प्रत्यक्षात अमेरिकेत अशी दुसरी फेरी दुर्मीळ आहे. डेमोक्रॅटिक पक्षात शेवटची वेळ 1952 ची, जेव्हा ॲडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत निवडले गेले, आणि रिपब्लिकन पक्षात 1948 ची, थॉमस ड्यूई यांची. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात मात्र डेमोक्रॅटिक पक्षाला उमेदवार ठरवायला 103 फेऱ्या लागल्या होत्या.

राहिलेल्या दोन गोष्टी

रिपब्लिकन पक्षाबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे. तेथेही प्रत्येक राज्य आणि प्रदेशातून राष्ट्रीय समितीचे तीन सदस्य, असे एकूण 168 जण पदामुळे प्रतिनिधी होतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांना राज्याच्या निकालाप्रमाणेच मत द्यावे लागते, म्हणून त्यांचे स्वतंत्र वजन फारसे नसते. तेथे पाहण्याची गोष्ट उलटी आहे : 2016 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या 71 रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी 54 जण मतदारांनी थेट निवडलेले होते आणि तरीही कोणत्याही उमेदवाराशी बांधील नव्हते. निवडून येणे आणि बांधील असणे या दोन कसोट्या स्वतंत्र आहेत, हे या उदाहरणावरून दाखवावे.

दुसरी गोष्ट 2024 ची. 21 जुलैला जो बायडेन यांनी माघार घेतली, तेव्हा प्रायमरीत त्यांच्या नावाने निवडून आलेले सुमारे 3,900 बांधील प्रतिनिधी मोकळे झाले आणि काही दिवसांतच त्यांनी कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. ते पदसिद्ध नव्हते, रीतसर निवडलेले होते, तरीही हॅरिस यांच्या नावावर मतदारांनी त्या वर्षी प्रायमरीत शिक्का मारलेला नव्हता. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम बांधील प्रतिनिधीला निवडणाऱ्यांच्या भावनेचे प्रामाणिकपणे, सदसद्विवेकाने प्रतिबिंब दाखवायला सांगतो, आणि 1980 मध्ये कार्टर आणि केनेडी यांच्यात झालेल्या भांडणानंतर पूर्वीचे कडक बंधन काढून ही शब्दयोजना आली. मतदारांशी नाते सैल असलेला प्रतिनिधी केवळ पदसिद्धांतच आढळतो असे समजून चालणाऱ्याला 2024 चा अभ्यास आवश्यक आहे.

पुढच्या वेळी निकाल प्रत्यक्ष पाहायचे असतील तर वेळेचे गणित आधी करून ठेवावे. मार्चच्या पहिल्या आठवड्यातील मंगळवारी पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला मतदान संपते, तेव्हा आपल्याकडे बुधवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि कॅलिफोर्नियाचे मतदान आपल्या सकाळी साडेनऊला संपते. उन्हाळी अधिवेशनातील मुख्य भाषणे आणि मतमोजणी पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री नऊ ते अकरा या वेळेत झाली, तर ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा ते साडेआठला दिसतात. वाचनालय उघडण्यापूर्वी फळ्यावरचा पहिला रकाना भरून ठेवावा. दुसऱ्या रकान्याला हात लावण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम पदसिद्धांना कोणत्या फेरीत मत देतो, ते वरच्या कोपऱ्यात लिहावे.